एकही लाल अक्षर नसलेला रिपोर्ट

रिपोर्टमध्ये एकही लाल अक्षर नव्हतं, म्हणजे एकही आकडा नॉर्मलच्या बाहेर नव्हता. चौदा महिन्यांची मुलगी, सिरम अल्ब्युमिन (यकृतात बनणारं, रक्तातलं मुख्य प्रथिन) ३.८, टोटल प्रोटीन ६.४, यकृताची एन्झाइम्स ठीकठाक. लॅबमध्ये बसून मी आकडे पाहिले, सही केली, रिपोर्ट सोडला. तासाभराने काउंटरवरून निरोप आला की बाळाचे वडील दोन मिनिटं बोलायचं म्हणतायत. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "मॅडम, प्रोटीन नॉर्मल आलंय. म्हणजे कुपोषण नाही ना?"

"नाही, सगळं नॉर्मल आहे," मी म्हणाले.

मुलगी आईच्या कडेवर होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही असं नाही. पाहिलं. मांडीची कातडी ढिल्या पायमोज्यासारखी गुडघ्याकडे ओघळलेली, चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा, डोळे मात्र टक्क उघडे. पण माझ्या हातात आकडा होता आणि आकड्याखाली माझी सही. डोळ्यांपेक्षा आकड्यावर जास्त विश्वास ठेवायचा हीच तर आमची नोकरी.

पंधरा दिवसांनी ती वॉर्डात भरती झाली. वजन ५.९ किलो, दंडाचा घेर १०.८ सेंटिमीटर. सहा महिने ते पाच वर्षं या वयात दंडाचा घेर ११.५ च्या खाली गेला की ते तीव्र कुपोषण, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष. त्याला सुई लागत नाही, सेंट्रिफ्यूज लागत नाही, माझी सही लागत नाही. एक पट्टी लागते. आणि ती पट्टी पंधरा दिवसांपूर्वी, माझ्या काउंटरपाशीसुद्धा जवळपास हेच बोलली असती.

ही गोष्ट बरीच जुनी. मला बायोकेमिस्ट्रीत येऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती, आता एकोणीस होतील. मुलगी बरी झाली, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुमचं लक्ष तिच्यातच अडकेल. मला लिहायचंय ते त्या ३.८ बद्दल.

अल्ब्युमिन कमी म्हणजे पोषण कमी, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं का बसलं? माझ्या मते बाणांमुळे. परीक्षेत आम्ही सगळ्यांनी ती आकृती काढलेली असते: आहारात प्रथिनं कमी, म्हणून यकृतात अल्ब्युमिन कमी, म्हणून रक्तातलं पाणी धरून ठेवायची ताकद कमी, म्हणून पाणी ऊतींमध्ये उतरतं आणि पाय सुजतात. चार बाण, चार गुण. १९३३ मध्ये सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, अशा सुजलेल्या मुलांचं वर्णन छापलं आणि १९३५ मध्ये स्थानिक गा भाषेतला 'क्वाशिओर्कर' हा शब्द वैद्यकात आणला. धाकटं भावंड आलं की अंगावरचं दूध तुटलेल्या मोठ्या मुलाला होणारा आजार, असा काहीसा त्याचा अर्थ. अख्खं कारण त्या एका शब्दात आहे, आणि आम्ही तो पाठ केला फक्त स्पेलिंगसाठी.

क्वाशिओर्करमध्ये अल्ब्युमिन घसरतं, हे खरंच. पण माझी काउंटरवरची मुलगी सुजलेली नव्हती, वाळलेली होती. या वाळण्याला म्हणतात मरास्मस. आणि त्यात अल्ब्युमिन कित्येकदा शेवटपर्यंत तग धरतं. शरीर आपलेच स्नायू मोडून अमिनो आम्लं यकृताला पोचवत राहतं आणि यकृत ती वापरून अल्ब्युमिन बनवत राहतं. वर अल्ब्युमिनचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं संपायला लागणारा वेळ, साधारण वीस दिवसांचं. आज रक्तात फिरणारा बराचसा माल मागच्या महिन्यातला असतो. अनोरेक्सिया नर्व्होसाच्या, म्हणजे जेवणच टाळायला लावणाऱ्या मानसिक आजाराच्या, रुग्णांचे रिपोर्ट बघा: हाडांचा सापळा झालेला माणूस आणि अल्ब्युमिन ४.२. पहिल्यांदा असा रिपोर्ट आला तेव्हा मी सॅम्पलची अदलाबदल झाली म्हणून दुसरं मागवलं होतं. ४.१ आलं.

आता उलट बाजू. गुटगुटीत, गाल वर आलेलं, तीन दिवसांपूर्वीपर्यंत व्यवस्थित जेवणारं मूल न्यूमोनिया होऊन येतं आणि अल्ब्युमिन २.७. तीन दिवसांत कुपोषित झालं का? नाही. यकृताला मी छापखाना समजते. एरवी तिथे पुस्तकं निघतात: अल्ब्युमिन, प्रीअल्ब्युमिन, ट्रान्सफेरिन. शरीरात कुठे जंतुसंसर्ग झाला की पुस्तकांचं काम बाजूला ठेवून रातोरात पत्रकं, म्हणजे संसर्गात वाढणारी प्रथिनं, छापायला घेतात: सीआरपी, फेरिटिन, फायब्रिनोजेन. शिवाय दाहामुळे (इन्फ्लमेशन) रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि तयार अल्ब्युमिन रक्ताबाहेर झिरपतं. उत्पादन कमी आणि गळती जास्त. म्हणून ते इतक्या लवकर पडतं, नाहीतर वीस दिवसांच्या अर्धायुष्याने तीन दिवसांत एवढी घसरण शक्यच नाही. हा साधा हिशोब मला कॉलेजात कुणी करायला लावला नाही, आणि मीही स्वतःहून केला नाही.

आणि कुपोषित मुलाला संसर्ग असतोच. अतिसार, न्यूमोनिया, काही ना काही. त्यामुळे त्याचं अल्ब्युमिन कमी आलं तर ते भुकेमुळे की आजारामुळे, हे त्या एका आकड्यावरून कळायला मार्ग नाही. अमेरिकेतल्या 'ॲस्पेन' या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने अलीकडे हे स्पष्टच लिहिलं: अल्ब्युमिन आणि प्रीअल्ब्युमिन ही दाहाची चिन्हं आहेत. रुग्णाला धोका किती हे त्यांवरून कळतं, पण शरीरातल्या एकूण प्रथिनांचं किंवा स्नायूंचं माप म्हणून ती वापरू नयेत. मला ते वाचून आनंद झाला आणि थोडा रागही आला. इतकी वर्षं 'न्यूट्रिशन प्रोफाइल' या नावाखाली आम्ही हेच तर विकत होतो.

बरं, सूज तरी अल्ब्युमिनमुळेच ना? तिथेही भांडण आहे. १९८० च्या सुमाराला जमैकात मायकेल गोल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की उपचार सुरू झाल्यावर मुलांची सूज उतरते, तेव्हा अल्ब्युमिन अजून खालीच असतं. मग सूज त्याच्यामुळे कशी? २०१५ मध्ये दुसऱ्या बाजूने निबंध आला की नाही, जुने बाणच बरोबर होते. मधल्या काळात, २०१३ साली, मलावीतल्या जुळ्या मुलांच्या अभ्यासाने आतड्यातल्या जिवाणूंकडे बोट दाखवलं. एकाच घरात, एकाच अन्नावर वाढणाऱ्या जुळ्यांपैकी एक सुजतं, दुसरं नाही. त्याचं उत्तर चार बाणांत बसत नाही. जी गोष्ट मी चार गुणांसाठी घडाघडा लिहिली होती तिच्यावर अजून वाद चालू आहेत, हे कळायला मला नोकरीची दहा वर्षं लागली.

प्रीअल्ब्युमिनबद्दल एक. बरेच जण त्याला अल्ब्युमिनचं कच्चं रूप समजतात. तसं नाही. इलेक्ट्रोफोरेसिसच्या, म्हणजे विजेच्या प्रवाहाने प्रथिनं वेगळी करायच्या, पट्टीवर ते अल्ब्युमिनच्या पुढे धावतं, एवढ्यावरून ते नाव पडलं. खरं नाव ट्रान्सथायरेटिन. थायरॉइडचं संप्रेरक आणि, रेटिनॉल बाइंडिंग प्रोटीनच्या जोडीने, जीवनसत्त्व अ वाहून नेणारं. अर्धायुष्य दोन दिवस. त्यामुळे 'लवकर बदलणारं' म्हणून ते मागवतात, आणि संसर्गात ते तितक्याच लवकर पडतं. सोबत सीआरपी नसेल तर मला त्या आकड्याचं काय करावं कळत नाही. सीआरपी उतरतोय आणि प्रीअल्ब्युमिन चढतंय, असं दोन-तीन रिपोर्टांत ओळीने दिसलं तर मात्र बरं वाटतं. मूल सावरतंय. ते जेवणामुळे की ताप गेल्यामुळे, हा प्रश्न तरीही उरतोच.

फेरिटिनची तऱ्हा याच्या उलटी. लोहाचा साठा कमी तर फेरिटिन कमी; पण संसर्गात तेच वर चढतं. पाच वर्षांखालच्या निरोगी मुलात १२ च्या खाली गेलं की लोहाची कमतरता म्हणायची. संसर्ग किंवा दाह असेल तर तीच रेघ ३० वर न्यायची, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात सांगितलंय. म्हणजे हिमोग्लोबिन ८.१, सीआरपी ३८ आणि फेरिटिन २४ असलेल्या मुलाचा रिपोर्ट छापील रेंजप्रमाणे निर्दोष, आणि प्रत्यक्षात साठा रिकामा. लाल अक्षर इथेही नाही. (आणि साठा रिकामा आहे हे कळलं तरी तीव्र कुपोषणात लोह पहिल्या दिवसापासून देत नाहीत. संसर्ग आटोक्यात येऊन वजन वाढायला लागल्यावर देतात. नातेवाईक इथे फार चिडतात, "रक्त कमी आहे म्हणता आणि औषध देत नाही?")

आता ज्यात मला खरी गोडी आहे ते: स्मिअर. काचेवर रक्ताचा थेंब ओढून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली. एकदा अडीच वर्षांच्या मुलाचं सीबीसी आलं. हिमोग्लोबिन ७.६, पण एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, ८१. अगदी मध्यावर. लोह कमी तर पेशी लहान हव्यात, बी-१२ किंवा फोलेट कमी तर मोठ्या. इथे दोन्ही नाही, मग ॲनिमिया कशाचा? फक्त आरडीडब्ल्यू २४ होता, म्हणजे पेशींचे आकार एकमेकांशी मुळीच जुळत नव्हते. काच लावली. एकाच फील्डमध्ये फिकट, मधोमध पोकळ दिसणाऱ्या चिमुकल्या पेशी, आणि त्यांच्या शेजारी अंड्यासारख्या लांबट, फुगलेल्या, गडद. मधेच एक न्यूट्रोफिल, म्हणजे एक पांढरी पेशी, त्याच्या केंद्रकाचे सहा तुकडे. एरवी तीन-चार असतात. लोहही कमी, आणि बी-१२ किंवा फोलेटही कमी. लहान आणि मोठ्या पेशींची बेरीज करून भागाकार केला की सरासरी नॉर्मल येते. मशीनने भागाकार बरोबरच केला होता. मी शेजारच्या टेक्निशियनला हाक मारली, मग दुसऱ्याला, मग आम्ही तिघंही त्या काचेवर वाकलो. त्या मुलाचं रक्त इतक्या कौतुकाने पाहताना जरा ओशाळल्यासारखंही झालं.

तक्रार करायची तर रेंजची करेन. बहुतेक मशिनं येताना प्रौढांची रेंज घेऊन येतात आणि मुलांची आपण घालायची असते. घातली नाही तर काय होतं? वाढत्या हाडांमुळे मुलांचं अल्कलाइन फॉस्फटेज प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यामुळे धडधाकट मुलाच्या रिपोर्टवर लाल 'एच' उमटतो आणि आईबाप घाबरतात. हा झाला निरुपद्रवी घोटाळा. पण झिंकच्या कमतरतेत हेच एन्झाइम खाली येतं, आणि मुलासाठी कमी असलेला आकडा प्रौढांच्या रेंजमध्ये छान बसतो. क्रिएटिनिनचंही तसंच. दोन वर्षांच्या मुलाचं ०.३ च्या आसपास असायला हवं. वाळलेल्या मुलाचं त्याहून कमी, कारण ते स्नायूंतून येतं आणि स्नायूच नाहीत. अशा मुलाचं ०.८ आलं तर प्रौढांच्या रेंजमध्ये ते निवांत बसतं आणि तिकडे मूत्रपिंड मार खात असतं.

फॉस्फेटने मात्र आम्हाला धडा शिकवला. मी तेव्हा ज्या लॅबमध्ये होते तिथली गोष्ट, आणि चूक आमचीच. दीड वर्षाचा मुलगा, तीव्र कुपोषण, भरती होऊन तिसरा दिवस. पहिल्या दिवशी फॉस्फेट ४.१, तिसऱ्या दिवशी २.६. प्रौढांची रेंज २.५ ते ४.५. फ्लॅग नाही, रिपोर्ट आपोआप सुटला. या वयाला चारच्या वर हवं, आणि उपाशी मुलाला अन्न सुरू केल्यावर तर हा आकडा डोळ्यांत तेल घालून बघायचा असतो. उपासमारीत शरीर चरबीवर चालतं. अन्न आलं की इन्सुलिन वाढतं, पेशी साखर ओढून घेतात आणि तिच्याबरोबर फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमही. रक्त रिकामं होतं. हृदयाची लय बिघडू शकते, श्वासाचे स्नायू थकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांना भरपेट जेवण मिळालं आणि त्यांतले काही जेवणानंतर दगावले, तेव्हा हे जगाच्या लक्षात आलं. म्हणूनच तीव्र कुपोषणात सुरुवातीला १०० मिलिलिटरला ७५ कॅलरी एवढंच पातळ, एफ-७५ नावाचं दूध, थोडं थोडं, दिवसरात्र देतात.

रात्री सव्वाअकराला वॉर्डातल्या निवासी डॉक्टरचा फोन आला. मुलगा तरुण, आवाज चढलेला. "मॅडम, फॉस्फेट दोन दिवसांत दीडने पडलंय आणि तुमच्याकडून साधा फोन नाही?"

"डॉक्टर, रेंजमध्ये होतं…"

"कुणाच्या रेंजमध्ये?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याने स्वतःच्या वहीत रोजचे आकडे हाताने लिहून ठेवले होते, म्हणून त्याला दिसलं. मुलाचा आहार कमी केला, फॉस्फेट दिलं, दोन दिवसांत गाडी रुळावर आली. मी पुढचे तीन आठवडे दुपारची शिफ्ट संपल्यावर बसून प्रत्येक टेस्टला वयाप्रमाणे रेंज घातली, आणि आधीच्या आकड्याशी तुलना करून अडवणारा डेल्टा चेक सुरू केला. त्या डॉक्टरशी पुढे चांगली ओळख झाली. फोनवर तो आजही "कुणाच्या रेंजमध्ये?" म्हणून चिडवतो.

आता रक्त काढण्याविषयी. कुणी लिहीत नाही, आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात. कुपोषित मुलाची शीर सापडत नाही. सापडली तर सुई लागताच बसते. मग बोट किंवा टाच टोचून, दाबून दाबून थेंब गोळा करायचे. दाबलं की लाल पेशी फुटतात, आतलं पोटॅशियम बाहेर येतं, सिरम गुलाबी दिसतं आणि पोटॅशियम ६.१. वॉर्डात धावपळ. आणि या मुलांच्या शरीरातला पोटॅशियमचा एकूण साठा आधीच रोडावलेला असतो, रक्तातला आकडा नॉर्मल दिसला तरी. सोडियमचं उलट: रक्तात कमी, शरीरात जास्त, ते वाढवायला गेलं तर जिवावर बेतू शकतं. झिंकची तर मजाच. एकदा १४० आलं. मुलाच्या त्वचेवर चट्टे, महिनाभर जुलाब, आणि झिंक १४०? ट्यूबच्या रबरी बुचातून झिंक सिरममध्ये उतरलं होतं. सूक्ष्म धातूंसाठीच्या गडद निळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये पुन्हा घेतलं, ५२. त्या ५२ मध्येही थोडा हिस्सा संसर्गाचा असणार, कारण झिंकही दाहात खाली जातं. जीवनसत्त्व अ ची ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळून आणतात, उजेडाने ते नासतं. एकाने फॉइल इतकी व्यवस्थित गुंडाळली होती की नाव लिहिलेलं लेबल आत राहिलं.

सहा किलोच्या मुलात सगळं मिळून अर्धा लिटरही रक्त नसतं. त्यातून चार-पाच मिलिलिटर 'सगळ्या टेस्ट एकदाच करून घेऊ' म्हणून काढणं मला आताशा सहन होत नाही. पूर्वी व्हायचं. पूर्वी मीच "थोडं जास्त घ्या, रिपीट लागलं तर" असं सांगायचे.

सॅम्पल कलेक्शनच्या खोलीत आता एक दंड मोजायची पट्टी टांगलेली आहे. लाल, पिवळा, हिरवा. आमचं काम नाही ते, असं दोघातिघांनी सांगून पाहिलं. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचा घेर आम्ही फॉर्मच्या कोपऱ्यात लिहितो. रिपोर्टवर अल्ब्युमिनच्या खाली एक ओळ छापतो, 'फक्त या आकड्यावरून पोषणाचा निष्कर्ष काढू नये'. ती कितीजण वाचतात देव जाणे.

परवा एक ट्यूब आली. पाव इंचभर रक्त, फिरवून काढल्यावर सिरम जेमतेम दीडशे मायक्रोलिटर. वय अकरा महिने, फॉर्मच्या कोपऱ्यात ११.१, आणि खाली नऊ टेस्टची यादी. एवढ्यात नऊ होणं शक्य नव्हतं. मी वॉर्डात फोन लावला.

"डॉक्टर, चारच होतील. कोणत्या करू?"

"पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम." जरा थांबून, "आणि सीआरपी."

"अल्ब्युमिन?"

"उरलं तर बघा."

उरलं नाही.